लाल तारीख

गॅल्व्हेस्टन पालिकेच्या कचेरीला कुलूप.
ओझेला दारावरची चिठ्ठी दोनदा वाचते,
एकदा चष्मा लावून, एकदा काढून.
राष्ट्रीय सुट्टी.
पर्समध्ये पाणीपट्टीचा चेक. मुदत आजची.

तिचा बाप, लूशियस,
गोदीवर कापसाचे गठ्ठे वाहायचा
आणि दर एकोणीस जूनला खाडा करायचा.
मुकादम रोज कापायचा.
एका साली कामच गेलं.
संध्याकाळी त्याने कलिंगड फोडलं, पायरीवर आपटून,
म्हणाला, खा पोरी,
यंदाचं फार महाग पडलंय.

सुटकेची बातमी या बंदरात
अडीच वर्षं उशिरा उतरली होती.
पुढे कॅलेंडरात शिरायला
तिला दीडशेहून जास्त लागली.

घरी येऊन ती भिंतीपुढे उभी राहते.
साठ वर्षं हा आकडा
तिनेच लाल केला, लिपस्टिकने.
आता छापूनच येतो,
ख्रिसमससारखा, कुणालाही.

टोपण काढते. जरा थांबते.
मग गोल करतेच, जाड,
शेजारचा वीसही थोडा माखतो.

उद्या दंड भरावा लागेल.
ती सुरी शोधते.