अंगठ्याची सुतळी

पहाटे तीनला भोंगा झाला
की होड्या आल्या असं समजायचं.
मासा कुणासाठी थांबत नाही.
सेतूबलच्या त्या चढाच्या गल्लीत
एकेक दिवा लागे, बाया शाल ओढत निघत,
आणि जाता जाता आपापलं पोर
एतेल्विनाच्या दारात ठेवून देत,
दुधाची रिकामी बाटली ठेवावी तसं.

सात-आठ जण आम्ही, एका गादीवर आडवे.
ती प्रत्येकाच्या अंगठ्याला सुतळी बांधायची,
टोकं सगळी आपल्या मनगटाला.
कोण उठलं, कोण रडायच्या बेतात आहे,
तिला झोपेतच कळे.

संत नव्हती ती, आधीच सांगून ठेवते.
आमच्या पावावरची साखर बोटाने पुसून खायची.
सूप तळातून ढवळून दाट दाट तेवढं
आपल्या नातवाच्या, आर्लिंदूच्या, वाडग्यात.
माझ्या आईला, झुल्मिराला, हे माहीत होतं.
तरी मला तिथेच ठेवायची.
आईच्या हातांना सार्डिनचा वास,
एतेल्विनाच्या हातांना आमच्या मुताचा.
त्यातल्या एकाच वासाचे पैसे
शनिवारी पाकिटातून यायचे.

एकदा बायांनी पाळणाघर मागितलं.
मॅनेजर आब्रांतेश तसे भले गृहस्थ.
चष्मा काढून, पुसून, समजावत राहिले:
माणूस मुळातच आपमतलबी.
जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढणार,
फुकटचं कोण कुणासाठी करतं?
मागून देओलिंदा म्हणाली,
"मग आत्ता या घटकेला आमची पोरं कुठायत?"
त्यांनी खरंच विचार केला.
"ती," म्हणाले, "तुमची घरगुती बाब."

कारखाना बंद झाला तेव्हा
जुन्या वह्या तपासायचं काम माझ्याकडे आलं.
कथील, तेल, मीठ, लाकडी पेट्या,
भोंग्याच्या दुरुस्तीचा खर्चसुद्धा.
आणि एका पानावर, लाल शाईत:
पेट्या बांधायची सुतळी, नऊ मीटर.
चोरी.

आईने अ‍ॅप्रनखालून आणलेली असणार.
तीस वर्षांच्या हिशोबात आमच्या बाजूचं
तेवढंच काय ते नोंदलेलं.

माणूस स्वार्थी असतो का, हे
एतेल्विनाला विचारायचं राहून गेलं.
म्हणाली असती,
"असतोच की. मी नाही का?
बरं, आता तो पाय इकडे कर."