एक किरण आखूड

कॅलेंडर म्हणतं, उद्या उन्हाळ्याचा पहिला दिवस.
खिडकी म्हणते, थांबा जरा.
फियोर्डवर बर्फ भुरभुरतोय,
बालवाडीच्या पायरीवर सोळा जोड गमबूट
आपापलं डबकं करून बसलेत.

आमच्या गावात उन्हाळा आपला आपण येत नाही,
आधी भिंतीवर करावा लागतो.

मी एय्विंदुर. तेवीस वर्षं ट्रॉलरवर कॉड उकडला,
बटाटे सोलले, वादळात रस्सा सांडू दिला नाही.
आता गुडघे गेले, म्हणून इथे मदतनीस.
सायउन्नबाई सांगतात, मी गोंद कालवतो.
काम तेच आहे खरं तर:
दाट झालं की पाणी,
पातळ झालं की धीर.

अंड्यांच्या खोक्यांतून फुलं कातरली.
कॉफीच्या गाळणकागदावर रंगाचे थेंब सोडले,
मधोमध दोरा आवळला, झालं फुलपाखरू.
"असं असतं?" स्नायब्योर्नने विचारलं.
"अगदी असंच. पोर्तुगालच्या बंदरात
एक माझ्या टोपीवर बसलं होतं."
(पतंग असेल. पण बसलं होतं.)

काटाचमचा पिवळ्या रंगात बुडवून
भिंतीवर दाबला की रानफूल.
उल्फ्रूनने चाळीस केली, मग एक स्वतःच्या गालावर.

गोदीतून आणलेलं फाटकं जाळं छताखाली ताणलं,
तीनदा धुतलं, तरी वास यायचा तो येतोच.
मुलांनी त्यात मासे नाही टाकले.
पक्षी ठेवले, मोज्यांचे, पोटात कापूस भरलेले,
सोनचिखल्या आणि सुरय.
म्हणे, इतक्या लांबून येतात, दमतात,
झोपाळा नको का?
तेवीस वर्षं मी जाळं पाहिलं.
झोपाळा एकदाही दिसला नाही.

मग सूर्य.
दारापेक्षा मोठा,
आणि किरण म्हणून प्रत्येकाचा हात.
तळव्याला गारगार रंग, किंकाळी,
भिंतीवर थाप, मग साबण.
मिएश्कोचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा द्यायचा नाही म्हणाला,
त्याने पाय दिला. तिघांनी उचलून धरलं.
आई मासळीच्या कारखान्यात होती, तिला फोटो पाठवला.

तरी एक जागा उरली.
बाईंनी सतरा खुणा फेब्रुवारीतच केल्या होत्या पेन्सिलीने,
आणि मार्चमध्ये बेर्गल्योत गेली दक्षिणेला,
आईला राजधानीत नोकरी, घराला कुलूप,
झोक्यावर अजून तिचा एक हातमोजा.

"टपालाने मागवू तिचा हात."
"राहू दे तसंच, ती रागावेल."
"पण सूर्य गळेल तिथून!"
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हात पाठीमागे घेतला. सवय आहे.
बॅरेंट्स समुद्रात, एका मंगळवारी,
डेकवर माणूस कमी होता म्हणून धावलो,
विंचच्या तारेने दोन बोटं ठेवून घेतली.

उल्फ्रूनने ब्रश उचलला. काही विचारलं नाही.
तळवा रंगवला, मग तीन बोटं,
मग जिथे बोटं नाहीत
तिथली हवाही, कडेकडेने, नीट.

मी थाप मारली.
स्नायब्योर्न मागे सरून बराच वेळ बघत राहिला.
"एक किरण आखूड आहे," म्हणाला.
"बरं झालं. ढगाला जायला वाट."

रात्री पायरीवर वाडग्यात पाणी ठेवलं.
जुनी माणसं म्हणतात, हिवाळा-उन्हाळा
एकमेकांना चिकटून गोठले, तर वर्ष दुधातुपाचं.
सकाळी सुट्टी, तरी मिएश्को आला,
आईला भिंतीवरचा पाय दाखवायला.
वाडग्यावर काचेएवढी साय धरली होती.
त्याने तुकडा मोडून जिभेवर ठेवला,
डोळे मिटले.

"उन्हाळा गार लागतो," म्हणाला.

मीही चाखला.
नखांत पिवळं अजून होतं,
तिन्ही.