तळटीप तेवीस

वेंगुर्ल्याच्या बंदरालगतचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना
महिना तीन हजारांवर मिळाला,
वीजबिल वेगळं.
भिंतींत अजून अमोनिया मुरलाय म्हणतात.
मला बांगड्यांचाच वास येतो
आणि त्यावर ग्रीसचा.

मधोमध माझा यंत्रहात.
सहा सांध्यांचा, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त.
आधी दरवाजे जोडायचा, आता चिरे उचलतो.
मान वाकवतो, थबकतो, टिपतो.
जेटीवरची पोरं त्याला बगळो म्हणतात.
प्रबंधात त्याचं नाव पाऊण ओळीचं आहे.

मला मार्गदर्शक दोन.
वास्तुकलेच्या मॅडम विचारतात, यात घर कुठेय?
रोबॉटिक्सचे सर विचारतात, यात नवीन काय?
एकदा मी दोघांची उत्तरं चुकून एकमेकांना धाडली.
दोघांनीही लिहिलं, ठीक, पुढे चला.

आईला वाटतं मी घरं बांधते.
मामाला वाटतं मी यंत्रं दुरुस्त करते;
त्याची स्कूटर दोन महिने दारात उभी आहे.

सकाळी सांध्यांवरची खार पुसायची.
रात्रभरात बसते, मिठागरासारखी,
पाचव्या सांध्यात तर हटकून.
दुपारी प्रकरण चौथं.
संध्याकाळी लाईट गेली की हात जिथे असेल तिथे अडकतो,
चोचीत चिरा धरून, अर्ध्या हवेत,
आणि मी खाली टॉर्च घेऊन
पंधरा किलो जांभ्याशी बोलत बसते.

भिंत सरळ होती.
तीन मिलिमीटरच्या आत, बारा थर,
आलेखात हिरवी.
बाबी मेस्त्री पानाची पिंक टाकून आत आले,
ओळंबा खिशातच ठेवला,
बोटाच्या पेरानं एकेक चिरा ठोकत गेले
दारावर थाप द्यावी तसे.
सातव्या थरात थांबले.
"चेडवा, ह्यो उलटो बसलो."

मी मोजमापं दाखवली. लांबी, रुंदी, काटकोन.
"ता बरोबर आसा," म्हणाले,
"पण खाणीत जी बाजू वर, तीच भितीत वर व्हयी.
नायतर पाणी आत रवता.
तुझ्या बगळ्याक ह्या कोणी सांगला नाय?"

नाही सांगितलं.
मलाही नाही. पाच वर्षं पदवी, दोन वर्षं ही,
चिऱ्याच्या सहा बाजू आम्ही शिकलो,
वरची कुठली ते नाही.

त्या रात्री मी एकशे चाळीस चिरे उतरवले.
हातानं. म्हणजे माझ्या.

दुसऱ्या दिवशी चिरेखाणीवर.
पंपाची घरघर, तांबडी धूळ, पापण्यांसकट सगळं तांबडं.
यल्लव्वाला म्हटलं, दगड सुटला की वरच्या अंगाला
खडूची खूण कर, कसलीही.
चिऱ्यामागे एक रुपया.
तिनं दोन मागितले. दोन.

सगळ्या चिऱ्यांवर तिनं चंद्रकोर काढली.
कॅमेऱ्याला ती वाचायला शिकवायला नऊ दिवस लागले.
नवव्या दिवशी ऐंशीपैकी एकोणऐंशी.
उरलेल्या एकावर चंद्रकोर नव्हतीच,
मासा होता, शेपटीसकट.
विचारलं तर हसली,
कंटाळा आला होता, म्हणाली.

हात त्या माशापुढे सहा मिनिटं वाकून उभा होता.
मी तो थांबवला नाही.

सर म्हणतात, खडू हा उपाय नव्हे, पळवाट आहे.
मॅडम म्हणतात, या मेस्त्रींचा संदर्भ काय? कुठे प्रसिद्ध?
म्हणून पान एकशे अठरावर, तळटीप तेवीस:
बाबी मेस्त्री, तोंडी, बर्फाचा कारखाना, वेंगुर्ला,
मंगळवार, भरतीच्या वेळी.
खाली यल्लव्वाचं नाव.
आडनाव विचारायचं राहून गेलं.

सादरीकरण सोमवारी आहे.
पाचवा सांधा पुन्हा करकरतोय.
बाहेर मोरी उतरवतायत, कुणीतरी दार ठोकतंय,
आत बर्फ मिळेल का विचारतंय.