पेटी क्रमांक एकतीस

माझं अक्षर चांगलं होतं, एवढाच गुन्हा.
म्हणून त्या वसंतात मला शाळेतून उचलून
कबरस्तानात नेऊन बसवलं.
मांडीवर फळी, हातात ब्रश, काळ्या रंगाचा डबा.
तेवफिक उस्ता दगडावरची जुनी लिपी वाचायचे,
बेटावर ती वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं,
आणि मी ती नावं शाळेतल्या लिपीत
पेट्यांवर उतरवायचो.
पेट्यांत हाडं. पेट्या तराफ्यावर.
तराफा डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर खाली,
दुसऱ्या एका बेटावर, जिथे आमचं कुणीच नव्हतं.

पहिला दगड तोफखान्यातल्या जवानाचा.
"सुलतानाचा चाकर," उस्ता म्हणाले.
शेजारी, जरा कलता, त्याच्या मुलाचा.
तो नमाजात सुलतानाचं नाव घेई
आणि बूट सम्राटाच्या कोठारातून आणी.
बर्लिनमध्ये म्हणे मोठ्यांनी टेबलावर नकाशा पसरला,
डोंगर वाटले, नदीचे काठ वाटले,
आणि आम्ही राहिलोच.
कुणाच्या तरी कपाखाली असू.
"विसरले तेच बरं झालं," उस्तांनी थुंकीनं बोट ओलं केलं,
अक्षरांतलं शेवाळ पुसलं,
"कितीतरी वर्षं तंबाखूला जकात नव्हती."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ.
तो तिसरा आम्ही.
साखर स्वस्त, रेशीम स्वस्त,
अंजिरं तर फुकटच.

सतरावी पेटी दुर्दाने हानमची.
तिला नऊ मुलं झाली, दोन्ही काठांचे शिपाई
शपथेवर सांगत; दर थोड्या महिन्यांनी
पोट सांभाळत ती होडीतून उतरे,
आणि ते अदबीनं हात देत.
दगडावर लिहिलं होतं: निःसंतान.
उस्ता इतके हसले
की दगडालाच टेकून बसावं लागलं.

मग एक कारकून आला, वही घेऊन.
वहीत रकाना होता: मयताचं राष्ट्रीयत्व.
"कुठल्या सालचं हवंय?" उस्तांनी विचारलं.
कारकुनानं बराच विचार करून
सगळ्यांसमोर एकच रेघ ओढली,
वरून खालपर्यंत.

खाली धरणावर दोन देशांचे दिवे रात्रभर जळत.
दोन्हीकडचे इंजिनियर एकमेकांना सिगारेटी देत,
एकमेकांच्या भाषेत चुकतमाकत गाणी म्हणत.
शेकडो वर्षं काठाकाठांच्या वैरात
आम्ही कोरडे राहिलो होतो.
बुडवलं ते दोस्तीनं.

एकतिसावा दगड गुळगुळीत.
पाऊस, बर्फ, बकऱ्यांच्या पाठी,
कशानं झिजला कोण जाणे.
उस्तांनी डोळे मिटले, बोटांनी वाचू लागले,
डावीकडून, उजवीकडून, पुन्हा एकदा.
ब्रशच्या टोकावर रंगाचा थेंब जमून
माझ्या चपलेवर पडला.
ऊन मिनारावरून उतरलं.
पलीकडे बायका अंजिराच्या फांद्या छाटून
ओल्या गोणपाटात गुंडाळत होत्या.
"काय लिहू?"
"नुसता आकडा टाक," ते म्हणाले, "खोटं नको."

आता मी कॉन्स्टान्झाच्या बंदरात
जहाजांवर नावं रंगवतो.
मालक बदलतो, झेंडा बदलतो,
कधी न पाहिलेल्या देशातलं गाव
मागच्या बाजूला लिहावं लागतं.
आधी जुनं खरवडायचं.
त्याखाली आणखी जुनं निघतं,
त्याखाली कधी उलट्या लिपीतलं एखादं अक्षर.
एखादं जहाज मात्र असं येतं
की खरवडत गेलं तरी काही लागत नाही,
नुसतं लोखंड.
तिथे माझं बोट थांबतं,
डावीकडून, उजवीकडून,
आणि मुकादम खालून ओरडतो,
काय शोधतोयस रे, रंग वाळतोय!