खाटेचं सामान्यरूप

आमचं आडनाव निनावे,
आणि मी सातवीला शिकवते नाम.
पोरं हसतात. हसू देते.

बाबांनी, म्हणजे डोमाजी निनावेंनी,
गोळीबार चौकातला माग विकला त्या वर्षापासून
लोकांच्या खाटा विणल्या.
आधी नवार, मग सुतळी, शेवटी प्लास्टिकची पट्टी.
मे महिन्यात अख्खा मोहल्ला गच्चीवर,
तापल्या स्लॅबवर चार बादल्या पाणी
आणि वर त्यांच्या हातच्या खाटा.
सकाळी पाठीवरचे वळ बघून ते सांगायचे
कोण कुणाच्या खाटेवर निजलं होतं.

आता मेडिकलमध्ये
दोन रात्री फरशीवर काढल्यावर त्यांना कॉट मिळाली.
'मिळाली का कॉट?' फोनवर सगळ्यांनी आधी हेच विचारलं,
आजार नंतर.
सिस्टर त्यांना चौदा म्हणते.

तपासायच्या वह्यांच्या पिशवीत
बर्डीच्या फुटपाथवर घेतलेला कोश होता.
झोप येईना म्हणून कॉट काढून बघितला.
दोन निघाले. डोक्यावर बारीक आकडे.
एक म्हणजे झोपडी. तिचं इथं काही नातं नाही,
एका स्पेलिंगमध्ये राहणारे दोन भाडेकरू, इतकंच.
दोन म्हणजे हलका पलंग, मोजता येणारं नाम.
मूळ: खाट. त्याआधी खट्वा.

म्हणजे आमचीच.
कुणीतरी जहाजावर चढवली.
ख महाप्राण, मी फळ्यावर लिहिते दरवर्षी;
बोटीतून उतरेपर्यंत तेवढा श्वास उरला नाही, क झाला.
(शेजारी ऑक्सिजनची बाटली बुडबुडत होती.)
तिकडे तिच्यात तान्ही बाळं निजवली म्हणे.
मग लोखंडाची होऊन आली,
पांढरा रंग, पायथ्याशी नंबर,
आणि मराठीनं काही न विचारता
तिला स्त्रीलिंगीच ठेवलं.

पण एक राहिलंच.
प्रत्यय लागला की खाट वाकते:
खाटेवर, खाटेखाली, खाटेला.
कॉट वाकत नाही.
कॉटवर. कॉटखाली.
माणूस निजला तरी मध्ये झोळ नाही.
परक्या शब्दांना बहुधा सामान्यरूप होत नाही,
असं पुस्तकात आहे, परीक्षेला येतं.

पहाटे त्यांनी मास्क सरकवला,
पाठीखाली बोटं घालून चाचपलं,
ढिली झालेली सुतळी शोधावी तसं,
आणि म्हणाले,
'व बाई, या कॉटेवर झोप नाई लागत मले.'

कॉटेवर.

लाल पेन हातातच होतं.
मी त्याला टोपण लावलं.