दोन बीम

सृजना सात वर्षांची असताना
हत्तुरे मॅडमनी मला संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं.
संत्रं काही बोललं नाही.
घरी आलो, आणि पहिल्याच रात्री
चालू मागात तुटला धागा ओवणारा हा हात
लेकीच्या मांडीवर थरथरला.

फ्रीज नव्हता तेव्हा.
माठात माठ, मधे ओली वाळू, आत औषधाची बाटली.
एप्रिलात विडी घरकुलातले पत्रे कडकड वाजायचे.
पाणी पाचव्या दिवशी यायचं.
यादम्मा पहिला तांब्या वाळूवर ओतायची,
उरलं तर विडीच्या पानांवर.

दिवसाला चार. सहा वर्षं.
टॉवेलच्या खोक्यावर एकदा हिशेब मांडला:
आठ हजार सातशे साठ.
"नाना, लीप वर्षाचे चार राहिले,"
वहीतून मान वर न काढता ती म्हणाली.

आणि आता हे.
काड्यापेटीहून जरा मोठी डबी, कमरेला.
तिच्यातून शेवयीएवढी नळी.
दंडावर रुपयाएवढी टिकली.
टिकली साखर वाचते, डबीला सांगते,
डबी तेवढंच सोडते.
सुई तीन दिवसांतून एकदा.

मॅडम समजावत होत्या:
औषध एकच, पण दोन तऱ्हांनी.
थोडं दिवसरात्र, थेंबाथेंबानं.
थोडं जेवणाला, ताट बघून.
मी म्हटलं, म्हणजे टॉवेलसारखं.
त्या थांबल्या.
टॉवेलला दोन बीम असतात, मॅडम.
एक ताठ, तो जमीन धरतो.
एक ढिला, लागेल तेवढा सुटतो, त्याचे फुगे होतात.
ताठवाला सैल पडला तर कापडच राहत नाही.
आणि ढिला जास्त सुटला तर...
"तर साखर पडते," मॅडम म्हणाल्या,
आणि रिपोर्टचा कागद उलटा करून
पेन माझ्या हातात दिलं. काढून दाखवा.

सव्वीस वर्षं जॉबर आहे मी.
कुणी डॉक्टरनं कागद पुढे केला नव्हता.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला डबी वाजली.
साखर उतरत होती,
डबीनं आपणहून औषध बंद केलं होतं.
बाण्याचा काटा असाच असतो मागाला.
दर फेरीला धागा चाचपतो,
नाही सापडला की माग उभा.
कुणी ओरडावं लागत नाही.
सृजनानं डोळे मिटूनच ग्लुकोजचं पाणी घेतलं
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.
मी बसून राहिलो.
सहा वर्षं याच वेळी उठून
तिच्या मानेवरचा घाम बघितलाय.
आता उठतो, पण काम नसतं.

डबी ट्रस्टची आहे, वर्षाच्या बोलीवर.
नळ्या आपल्या.
महिन्याच्या नळ्या म्हणजे यादम्माच्या किती हजार विड्या,
ते खोक्यावर मांडलं नाही.
मॅडम म्हणतात, पुढे आठवड्याला एकच टोचायचं येईल,
नाकातोंडानं ओढायचंही आहे म्हणे कुठे कुठे.
सृजना म्हणाली, येईल तेव्हा येऊ दे.
मला गड्ड्यावर मोठ्या पाळण्यात बसायचंय.

बसली. दोनदा.
मी खाली उभा, मान वर करून,
डबी कुठे अडकायची नाही ना, एवढंच बघत.
उतरल्यावर तिनं गुडदाणी घेतली.
खाण्याआधी कमरेशी दोन बटणं दाबली,
मैत्रिणीशी बोलता बोलता,
जशी यादम्मा न बघता विडीला दोरा गुंडाळते.

मला विचारलं नाही.
मी शर्टाच्या खिशात हात घातला.
जुनं इंजेक्शनचं पेन होतं, रुमालात गुंडाळलेलं.
घरातून निघताना घेतलं होतं, सवयीनं.
रुमाल आपल्याच कारखान्याचा,
कडेला एक धागा सुटलेला.