पट्टीची उंची

एम्रिस, टेप गुंडाळ आता.
चार मीटर दहा. तिसऱ्यांदा तेवढंच भरलंय.

घडीचं दार चित्रात झकास दिसतं,
पाचही पाखं एका कोपऱ्यात
इस्त्रीच्या चादरींसारखी रचलेली.
पण स्वान्सीत असे दिवस किती, सांग,
आख्खी भिंत उघडून बसण्याचे?
एरवी पाच चौकटी, आणि प्रत्येकीत
समुद्राचा एकेक तुकडा.

सरकत्यात काच मोठी, समुद्र सलग.
मम्बल्सचा दिवाही दिसेल रात्री.
पण अर्धं दार जन्मभर अर्ध्याच्या मागे,
माझ्या बहिणीच्या नवऱ्यासारखं.

फ्रेंच दारं मला आवडतात, खरं सांगते.
दोन्ही हातांनी लोटायची.
हातात चहाचा ट्रे असला की मात्र पंचाईत,
आणि खाडीवरचा वारा विचारून येत नाही.

इद्रिस काही बोलत नाही.
एकतीस वर्षं भट्टीपाशी गेली त्याची,
दार म्हटलं की अजून मान मागे घेतो.
काल तू गेल्यावर तो वॉकर घेऊन उठला,
तू ठेवलेल्या नमुन्याच्या पट्टीपाशी गेला
आणि बुटाचं टोक हळूच पुढे सरकवलं.

अडलं.
तो तसाच वळला,
म्हणाला, बाहेर गारठा आहे.

किती उंच आहे रे ती?
बोटाचं पेरसुद्धा नाही.

तर जे दार जमिनीत बुडून बसेल ते लाव.
नाव सांगू नकोस मला.
बाहेरची फरशी आतल्याइतकीच वर घे.
पाणी आत आलं तर पुसेन.
मला अजून वाकता येतं.